शेजारची खोली

"मिस्टर किती वर्षं पितात, ताई?"

फोनवरच्या माणसानं विचारलं आणि मी बूथच्या काचेतून बाहेर पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. सकाळचे अकरा वाजले होते, मी अजून घेतली नव्हती, त्यामुळे रिसीव्हर धरलेला हात थरथरत होता.

"चार वर्षं," मी म्हणाले.

हे ठरवून बोलले नाही. घरातून निघताना मी वाक्य पाठ केलं होतं: मला दारू सोडायची आहे, कुठं यावं लागेल? पण तो माणूस इतक्या सहज, इतक्या खात्रीनं बोलला की माझं वाक्य तोंडातच राहिलं.

"रोज?"

"रोज."

"मारहाण?"

"नाही, नाही. स्वभावानं अगदी गरीब आहेत."

"आणि स्वतः यायला तयार नाहीत. नसतातच, ताई. मला माझ्या मेव्हण्यानं उचलून आणला होता. तुम्ही असं करा, आधी तुम्ही या. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, मिरजेत." त्यानं एका शाळेचा पत्ता सांगितला. "वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एका खोलीत आम्ही पिणारे बसतो, शेजारच्या खोलीत घरची माणसं. माझं नाव अंकुश खोत. घरचा नंबर देऊन ठेवा."

मी नंबर दिला. का दिला, ते आजही सांगता येत नाही. विचारला म्हणून दिला. त्या दिवसांत मी बरंच काही असंच करत असे.

हे सत्त्याण्णव सालचं. आम्ही सांगलीत राहत होतो. माझे यजमान रघुनाथ हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस, आणि बोलणं तर त्याहून कमी. मी घरी मशीनवर पिको-फॉल करायची. सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. छातीत कफ भरायचा म्हणून कुणीतरी चमचाभर ब्रँडी द्यायला सांगितलं होतं. त्यांचं सगळं करून मी इतकी दमायचे की झोपसुद्धा यायची नाही. मग त्यांना चमचा देऊन झाला की एक चमचा मी घ्यायला लागले. सासूबाई गेल्या. ब्रँडी राहिली. चमचा जाऊन पेला आला. मुलगी मुक्ता आणि हे शाळेत गेले की दुपारी दार लावून मी घ्यायची. बाटली आणायला मिरजेला जायची, कारण सांगलीत सरांच्या बायकोला सगळे ओळखत होते. दुकानदारानं काही विचारायच्या आतच सांगायची, "मिस्टरांनी मागवलीय."

तो फोन नंबर एका वर्तमानपत्रातल्या बारक्या जाहिरातीतला. वर्षभर मशीनच्या खणात रिळांखाली पडून होता. त्या आठवड्यात एक गोष्ट घडली. मुक्ता शाळेतून आली. ओट्यावर माझा पाण्याचा पेला होता. तिनं तो उचलला, नाकाशी नेला, वास घेतला आणि मग पाणी प्यायली. माझ्याकडं बघितलंही नाही. आपण असं काही केलं हे तिच्या लक्षातही आलं नसावं. नववीतली पोर, आणि तिला त्याची सवय झाली होती.

रविवारी "मिरजेला मैत्रिणीकडं जाते" असं सांगून मी निघाले.

शाळेचा जिना चढून वर गेले. एका दाराबाहेर पुरुषांच्या चपलांचा ढीग होता. आतून हसण्याचा आवाज येत होता. मी त्या दाराशी उभी राहिले. पाय आत पडेना, मागंही फिरेना. तेवढ्यात शेजारच्या दारातून साठीच्या एक बाई बाहेर आल्या. अंगानं दणकट, कपाळ मोकळं, हातात पाण्याची कळशी.

"हिकडं ये बाई. नवीन हाईस न्हवं? तिथं पुरुषमाणसं बसत्यात."

त्यांनी माझं मनगट धरलं. मी गेले. इतकं सोपं होतं ते.

त्यांचं नाव चंपाक्का. खानावळ चालवायच्या. नवरा दारूपायी गेला, त्याला आठ वर्षं झाली होती, तरी त्या दर रविवारी यायच्या. आत सहा-सात बायका पहिली-दुसरीच्या पोरांच्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. माझ्या शेजारी शमीम होती. तिशीची, बारीक अंगाची. तिचा नवरा रिक्षा चालवायचा, म्हणजे ज्या दिवशी उभा राहू शकेल त्या दिवशी. तिनं स्वतःच सांगितलं, हसून सांगितलं.

एकेक बाई बोलत गेली. माझ्यापाशी आल्यावर मी म्हणाले, "मी प्रमिला." आणि गप्प बसले.

"सांग की," चंपाक्का म्हणाल्या. "हितलं भाईर जात न्हाई."

मग मी सांगितलं. सगळं खरं सांगितलं, फक्त माणूस बदलला. ते दुपारी घेतात. दार लावून घेतात. तोंडाला वास येऊ नये म्हणून वेलदोडे चघळतात. गॅसवर दूध ठेवून झोपतात, भांडं जळून काळं होतं. बाटली पिठाच्या डब्यात लपवतात.

"पिठाच्या?" शमीमनं मान वर केली. "पुरुषमाणूस पिठाच्या डब्यात हात घालतो?"

मी बाकावर कोरलेलं नाव वाचायला लागले.

"दारूसाठी ते हिरीत बी हात घालतील," चंपाक्का म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी आले आणि घेतली. पण येताना सिटी बसमध्ये तासभर छातीवरचं ओझं जरा कमी झाल्यासारखं वाटलं होतं. त्या तासासाठी मी पुढच्या रविवारीही गेले. दुपारी फक्त अर्धा पेला घेऊन, वेलदोडे चघळून.

त्या दुसऱ्या रविवारी मी पेल्याच्या वासाची गोष्ट सांगितली. शमीमनं माझा हात धरला. तिचा हात खरखरीत होता, चार घरची भांडी घासणारा.

"माझी धाकटी तर बापाच्या पायांचा आवाज ऐकून ओळखते," ती म्हणाली. "चप्पल घासत आला की प्यायलेला. ती लगेच पुस्तक उचलून शेजारी जाते. ताई, मला वाटायचं माझ्याच नशिबी हे. तुम्ही शिकलेल्या, मास्तरांच्या घरातल्या. तुमचं ऐकून मला धीर आला बघा."

मी तिच्या हातातून हात काढून घेतला नाही.

"एकदा आण त्याला," चंपाक्का म्हणाल्या. "माझ्याम्होरं हुबा कर नुसता. पोरगी वास घेऊन पाणी पिती आन ह्याला लाज न्हाई?"

तिसऱ्या रविवारी आम्ही नुकत्याच बसलो होतो. व्हरांड्यात पावलं वाजली आणि पाठोपाठ खोतांचा आवाज आला, "या, या सर. जिना चढून आलात ना, निम्मं काम झालं."

मी दाराकडं पाहिलं. हे उभे होते. रविवारचा पांढरा शर्ट, उजव्या हाताच्या नखांत निळा रंग.

मागाहून कळलं की खोतांनी शुक्रवारी घरी फोन केला होता. फोन यांनी घेतला. खोत म्हणाले, "सर, ताई बिचाऱ्या नेमानं येतात. आता तुम्हीही या. कुणी नावं ठेवणार नाही. आम्ही सगळे त्याच वाटेनं आलोय." यांनी पत्ता लिहून घेतला आणि मला काही बोलले नाहीत.

"ह्योच का गं तुझा?" चंपाक्कांनी विचारलं.

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

चंपाक्का उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. "मास्तर न्हवं तुम्ही? लोकांच्या पोरांना शिकिवता? आन घरची पोर? तिनं पाण्याचा वास घेऊन पाणी प्यायचं? ही बाई हितं येऊन रडती, ठावं हाय? दुपारी दार लावून ढोसायचं, पिठात बाटल्या दडवायच्या. कशापायी ओ?"

खोत मधे पडायला लागले. यांनी हातानं त्यांना थांबवलं.

हे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता सांगतील. शांतपणे, वर्गात उत्तर सांगावं तसं सांगतील की बाई, मी नाही, ही. मला ते हवंही होतं. कुणीतरी सांगून टाकावं आणि संपावं, इतकी मी थकले होते.

पिठाचं ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. मग ते चंपाक्कांना म्हणाले, "चुकलं. फार आधी लक्ष द्यायला हवं होतं."

"आता तरी द्या," चंपाक्कांचा आवाज खाली आला. असं उत्तर त्यांना अपेक्षित नसावं.

"चला सर," खोतांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हे त्यांच्याबरोबर शेजारच्या खोलीत गेले. जन्मात थेंब न घेतलेला माणूस दारू सोडणाऱ्यांत तासभर बसला. इकडं बायका माझं अभिनंदन करत होत्या. "आला बाई तुझा, सुटलीस." शमीमच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचा अजून एकदाही आला नव्हता.

परत निघालो तेव्हा अजून उजेड होता. मी यांच्या स्कूटरवर मागं बसले. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. यांनी स्कूटर बंद केली. पुढं उसाचा ट्रॅक्टर उभा होता.

"आत काय बोललात?" मी त्यांच्या पाठीला विचारलं.

"काही नाही. ऐकलं."

"सांगितलं नाहीत त्यांना?"

"काय सांगायचं?"

गाडीचा अजून पत्ता नव्हता. हे पुढं बघत बोलले, "एक जण सांगत होता, बायकोला कळू नये म्हणून तो रिकाम्या बाटल्या देवघराच्या मागं ठेवायचा. त्याला वाटायचं तिला माहीत नाही. मी मनात म्हटलं, तिला माहीत असणार."

"तुम्हाला कधीपासून..."

"आईच्या वर्षश्राद्धाच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नखातला निळा रंग खरवडला. "तीन वर्षं आईचं तू केलंस. मी वर्गात चित्रं काढत होतो. कुठल्या तोंडानं बोलायचं?"

मालगाडी आली आणि जाऊ लागली. डबे संपेचनात. संपल्यावर हे म्हणाले, "पुढच्या रविवारी परत बोलावलंय मला. मी येईन. म्हणशील तितके रविवार तिथं बसेन, ती बाई म्हणेल ते ऐकून घेईन. मला त्याचं काही नाही." त्यांनी स्कूटरला किक मारली. ती लागली नाही. दुसऱ्यांदा मारायच्या आधी ते म्हणाले, "पण प्रमिला, मी बसून तुझी सुटायची नाही."

सोमवारी मी घेतली. मंगळवारीही. हे लिहायला हवं, कारण लोकांना वाटतं अशा वाक्यानं माणूस बदलतो. बदलत नाही. फक्त त्या दोन्ही दिवशी मला चव लागली नाही. शुक्रवारी बाटली संपली आणि मी नवी आणायला गेले नाही. मी सुधारले होते म्हणून नव्हे. बसस्टॉपपर्यंत चालायचं त्राण नव्हतं. शनिवारी उलट्या झाल्या. मुक्ता शाळेत गेली नाही, माझं डोकं धरून बसली. मी तिला म्हटलं, "मुक्ता, मी दारू पिते." ती म्हणाली, "हो आई," आणि ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं.

रविवारी दोघं गेलो. व्हरांड्यात खोत वाट बघत होते. मी यांना बाहेरच थांबायला सांगितलं आणि बायकांच्या खोलीत शिरले. बसले नाही. बसले असते तर उठवलं नसतं.

"माझे यजमान पीत नाहीत," मी म्हणाले. "कधीच प्यायले नाहीत. मी सांगितलं ते सगळं माझं होतं. दार लावून मी घेते. पिठात बाटली मी ठेवते. मुक्ता माझ्या पेल्याचा वास घेते."

चंपाक्का माझ्याकडं पाहत राहिल्या. एक बाई हलक्या आवाजात "अगं बाई" म्हणाली.

शमीम उठली. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे तुम्ही त्या बाजूच्या," ती म्हणाली. "आणि इथं बसून आमचं ऐकलंत. मी माझ्या पोरीचं सांगितलं तुम्हाला. घरात कुणाला सांगितलं नाही ते सांगितलं."

"हो."

"माझा हात धरून बसलात."

"हो, शमीम."

ती दारापर्यंत गेली, परत आली. "मग एक सांगा मला. माझा नवरा तर सांगत नाही, तुम्ही सांगा. प्यायल्यावर घरच्यांची तोंडं दिसतात का हो? पोरगी पुस्तक घेऊन बाहेर जाते ते दिसतं त्याला? की काही दिसतच नाही?"

यावर खोटं बोलणं सोपं होतं. तिला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं.

"दिसतं," मी म्हणाले. "सगळं दिसतं. ते दिसू नये म्हणून आणखी घ्यायची. मग दुसऱ्या दिवशी जास्तच दिसतं."

शमीम बाकावर बसली आणि तोंड पदरात घेऊन रडायला लागली. मी तिला हात लावला नाही. तो हक्क आता नव्हता.

चंपाक्का उठून माझ्यापाशी आल्या. मला वाटलं मारतील. "माझ्या मालकाला मी आयुष्यभर हेच इचारलं," त्या म्हणाल्या. "त्यो म्हनायचा, मला काय बी दिसत न्हाई." एवढं बोलून त्यांनी नाक पुसलं. "चल. त्या खोलीत एकटी बाईमाणूस कशी जाशील. दारापतोर येते."

व्हरांड्यात हे कठड्याला टेकून उभे होते. चंपाक्का त्यांच्यासमोर थांबल्या. "सर, मी लई बोलले तुम्हाला."

"बरोबरच बोललात," हे म्हणाले.

"न्हाई. चुकीच्या माणसाला बोलले." मग त्यांनी आपल्या खोलीचं दार पुरं उघडलं. "तुमची जागा हिकडं हाय. या. आमच्यात पुरुष न्हाई कुनी, पर बसा."

हे माझ्याकडं बघत बायकांच्या खोलीत गेले. मी दुसऱ्या दाराशी गेले. आत पंधरा-वीस पुरुष होते. बोलणं थांबलं. खोत लगबगीनं उठले. "ताई, घरच्यांची खोली शेजारी..."

"माहीत आहे," मी म्हणाले.

खोत क्षणभर माझ्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी काही न विचारता शेजारच्या माणसाला सरकायला सांगितलं आणि बाकावर जागा केली.

दारू लगेच सुटली नाही. पुढच्या दीड वर्षात मी दोनदा घसरले. एकदा मुक्ताच्या दहावीच्या परीक्षेत, त्याबद्दल तिनं मला क्षमा केली आहे, मी स्वतःला केलेली नाही. शमीम महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एका रविवारी स्वतःच आली आणि म्हणाली, तिचा नवरा अजून येत नाही, पण ती त्याच्याशी भांडायची थांबली आहे, भांडून दमली आहे. खोत आता नाहीत. त्या खोलीत पुढं आणखी तीन बायका आल्या. पहिल्या दिवशी प्रत्येकीला कुणीतरी शेजारची खोली दाखवलीच.

पण मला त्या संध्याकाळचं सांगायचं आहे. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी प्रमिला. मी दारू पिते." पुढं काही सुचेना. वीस पुरुष गप्प बसून होते, कुणी घाई केली नाही. आणि त्या शांततेत मधल्या लाकडी पार्टिशनच्या पलीकडून एक आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. आवाज पुरुषाचा होता, सावकाश, अडखळत, थांबून पुन्हा सुरू होणारा.

एका वेळी दोन वाक्यांच्या वर न बोलणारे हे बोलत होते. मधेच आवाज फुटला, कुणीतरी पाणी ओतल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि ते पुन्हा बोलायला लागले. पुष्कळ वेळ बोलत होते.

मी तशीच उभी राहून ऐकत होते. खोतांनी मला खाली बसायला सांगितलं नाही.

काय बोलत होते ते मी आजवर विचारलेलं नाही.